मँडोलिनच्या पोटातलं पत्र

तेल अविव
१२ नोव्हेंबर १९९८

श्री. शिमोन झिराडकर, येरुहाम

आपली ओळख नाही, त्यामुळे साष्टांगापासून सप्रेमापर्यंत कोणता नमस्कार घालावा याचा बराच विचार केला आणि शेवटी तो विषय सोडून दिला. मी रविकांत करंबेळकर, राहणार पुणे, सध्या दीड वर्षासाठी तेल अविवच्या विद्यापीठात. धंदा जुन्या संस्कृत पोथ्या वाचण्याचा. वाळवीने खाल्लेल्या, पाण्याने फुगलेल्या, एकमेकींशी भांडणाऱ्या प्रती समोर मांडायच्या आणि मूळ लेखकाला काय म्हणायचं होतं ते आपण ठरवायचं. लेखक कधीच मेलेला असतो, त्यामुळे तक्रार येत नाही.

मागच्या शुक्रवारी याफोच्या जुन्या बाजारात केटली घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने केटलीबरोबर एक मँडोलिन माझ्या गळ्यात मारली. तारा पिळायची एक चावी तुटलेली, तारा गंजलेल्या, पण पाठ अशी गोल आणि गुळगुळीत की हात फिरवताच नाही म्हणणं जमलं नाही. घरी आणून विजेरीने भोकातून आत पाहिलं. आमच्या धंद्यातली खोड आहे, पोट दिसलं की आत बघायचं. आत मराठी होतं.

लाकडाच्या फाकांच्या सांध्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत आणि त्यावर शाईने, बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात मराठी लिहिलं आहे. आमच्याकडे घुणाक्षरन्याय म्हणून एक न्याय सांगतात. लाकूड पोखरता पोखरता किड्याकडून चुकून एखादं अक्षर उमटतं, त्याला काही ते म्हणायचं नसतं. पण किडा ‘तब्येतीस जपा’ असं लिहीत नाही.

आत चिठ्ठी आहे: आपलं नाव, येरुहाम, १९६७, क्रमांक २. आडनावावरून आपण कोकणातून इथे आलेले यहुदी असाल. वाळवंटातलं गाव लहान आहे असं ऐकलं, म्हणून एवढ्याच पत्त्यावर लिहितो आहे. आपण हयात असाल तर दोन ओळी लिहाव्या. नसाल तर मात्र मी नेहमीसारखं माझ्या मनाने ठरवीन.

रविकांत करंबेळकर


येरुहाम
२६ नोव्हेंबर १९९८

करंबेळकर साहेब, शालोम.

हयात आहे. तुमचं पाकीट पोस्टातल्या बाईने दुकानात आणून दिलं. मागल्या बाजूला मराठी अक्षर बघून पहिल्यांदा वाटलं, कोण गेलं? आमच्याकडे आता मराठीत कागद येतो तो कोणी वारल्याचाच येतो. तुमचा आला तो मँडोलिन जिवंत असल्याचा. बरं वाटलं.

ती मी बेरशेवाच्या एका मोरोक्कोवाल्या न्हाव्याला दिली होती. लग्नाकार्यात वाजवायचा, हात फार गोड. तो गेला, मग पोरांनी घर आवरताना काढली असेल.

आता पट्ट्यांचं सांगतो. मी बॉम्बेला धोबी तलावच्या एका गोवेकर मेस्त्रीच्या हाताखाली शिकलो. मँडोलिनची पाठ एका लाकडाची नसते. संत्र्याच्या फोडीसारख्या पातळ फाका वाकवून एकीला एक चिकटवायच्या. आतून प्रत्येक सांध्यावर कागदाची पट्टी सरसाने डकवायची, नाहीतर इथल्या कोरड्या हवेत एका उन्हाळ्यात सांधे उघडतात. कागद पातळ पाहिजे आणि दमाचा पाहिजे. तेव्हा या गावात तसा कागद कुठला? बॉम्बेहून आलेली काही रद्दी होती, ती वापरली. त्यात वाचण्यासारखं काही नाही.

दुकान मी एप्रिलात, पेसाखच्या सणाला बंद करणार आहे. संगीतशाळेत आता परदेशाहून खोक्यांतून मँडोलिनी येतात, सगळ्या एका तोंडाच्या. मास्तर चांगला माणूस आहे, येऊन सांगून गेला की शिमोन, मुलं काय, आपटतात, फोडतात, त्यांना तुझी कशाला द्यायची. वाजवणारे मोरोक्कोवाले म्हातारे होते ते एकेक करून गेले. एकसष्ट मँडोलिनी केल्या या हाताने. बस झालं.

चावी सोबत पाठवली आहे, जुन्या मेळातलीच. बसवताना जोर करू नका. आणि तबली, म्हणजे वरची फळी, उघडून बघायच्या फंदात पडू नका. एकदा उघडली की आवाज जातो.

येऊ नका असं म्हणणं बरं नाही, पण सध्या येऊ नका. फोनही नको, घरात घंटी वाजली की त्रास होतो. पत्र लिहिलंत तर वाचीन.

शिमोन झिराडकर


तेल अविव
९ डिसेंबर १९९८

शिमोन मेस्त्री,

चावी बसली. जोर केला नाही. तारा नव्या घातल्या, आणि आता रोज संध्याकाळी एकच धून वाजवतो. खालच्या मजल्यावरच्या बाई परवा जिन्यात विचारत होत्या की घरात मांजर आहे का.

तुमची रद्दी वाचली. नका म्हणालात म्हणून तबली उघडली नाही, पण दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून मागून आणला. (काय हवाय म्हणून विचारलं तेव्हा ‘मँडोलिनचा दात बघायचाय’ म्हटलं. माझं हिब्रू असं आहे की ते त्यांना चूक वाटली असावी.) तुमच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही असं नाही, पण ज्या रद्दीच्या शेवटी ‘तुमची ल.’ अशी सही असते ती मी आजवर पाहिली नव्हती. धंद्याच्या रीतीप्रमाणे, जिथे वाचता येत नाही तिथे टिंबं घालून खाली उतरवून देतो.

‘… मावशी येऊन गेल्या. माडाचे नारळ उतरवले, या वेळी … तुम्ही तिथे भात खाता की नुसता पाव, ते लिहीत नाही. … माझी तब्येत आता बरी आहे. दूध आटलं. त्रास नाही … आईने पेटी बांधायला काढली, मी परत ठेवायला लावली. एवढं झाल्याशिवाय निघणार … तब्येतीस जपा. तुमची ल.’

संपादकाची टीप: घरी गाय असावी, ती त्या सुमारास आटली. माडांवरून आणि तुमच्या आडनावावरून पत्र रेवदंड्याच्या बाजूचं दिसतं. मजकूर लिहिणारी बाई हुशार, मोजकं लिहिणारी, आणि ज्याला लिहिते आहे तो गृहस्थ उत्तरांचा आळशी.

मँडोलिनच्या दांडीच्या बाजूला आणखी एक पट्टी आहे, तिथे आरसा पोचत नाही. प्रयत्न चालू आहे. बायकोची पत्रं सांध्यांना डकवणारा नवरा मला या देशात येऊन भेटायचा होता. वहिनींना सांगू नका मी वाचली म्हणून, नाहीतर मला येरुहामला यायची चोरी होईल.

एक शंका. माझी क्रमांक २. मग एक नंबर कुठे आहे?

रविकांत


येरुहाम
४ फेब्रुवारी १९९९

करंबेळकर साहेब,

दोन महिने लिहिलं नाही. राग नाही आला, हात उचलला नाही एवढंच.

लिआ, म्हणजे तुमची ‘ल.’, पलीकडच्या खोलीत बसली आहे. तिला सांगू नका म्हणालात. मी सांगितलं तरी तिच्याजवळ राहणार नाही. चार वर्षं झाली, तिला विसरायला होतं. पहिल्यांदा चुलीवर भांडी राहायची, मग दुकानाची वाट, मग हिब्रू. तीस वर्षं बाजारात फडाफडा बोलायची, ते सगळं हिब्रू पाटीवरून पुसल्यासारखं गेलं. आता नुसती मराठी आहे. कुपात खोलीमच्या दवाखान्यात डॉक्टर तिला विचारते, आज वार कोणता? मी मधे मराठीत सांगतो. लिआ म्हणते, शनवार, शब्बाथ आहे, आज दिवा लावायचा नाही, तुम्ही उद्या या. डॉक्टर विचारते काय म्हणाली, मी म्हणतो, बरोबर सांगितलं.

आमची मुलगी तिकवा बेरशेवाला असते, दर शुक्रवारी येते. तिला मराठीत पाणी, जेव, ये, एवढं समजतं. आई बोलते, ती हिब्रूत उत्तर देते, दोघी एकमेकींकडे बघून हसतात आणि मग तिकवा मोरीत जाऊन नळ सोडते.

मला ती ओळखत नाही. म्हणजे घरमालकासारखं समजते. चांगला माणूस आहे, चहा करून देतो. तिच्या हिशोबी ती रेवदंड्याला आहे आणि शिमोन इस्रायलला. मी पासष्ट साली एकटा पुढे आलो होतो, ती दीड वर्षांनी आली. त्या दीड वर्षात ती बसली आहे. रोज सकाळी अकराच्या सुमाराला, पोस्टमन यायच्या टायमाला, मला विचारते, ‘इस्रायलचं पत्र आलं का?’ मी नाही म्हणतो. ती म्हणते, ‘मी त्यांना एक विचारलंय. त्याचं उत्तर आलं की मी निघेन.’

काय विचारलं होतं ते मला आठवत नाही.

दुकान बंद करायचं खरं कारण हे. खोक्यातल्या मँडोलिनी आहेतच, पण त्यांनी माझं दुकान आणखी पाच वर्षं बंद केलं नसतं. तिला एकटं सोडता येत नाही.

एक नंबर नाही. दोनपासून मोजले.

शि. झिराडकर


तेल अविव
१४ फेब्रुवारी १९९९

मेस्त्री,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. माझ्या मागच्या पत्रातला विनोद परत मागून घेता आला असता तर घेतला असता. वहिनींना माझा नमस्कार सांगा. घरमालकाचा स्नेही म्हणून सांगा.

पण एका बाबतीत मी तुमच्या उपयोगाचा आहे, आणि माझ्यासारख्या माणसाला असं आयुष्यात क्वचित म्हणता येतं. त्यांनी काय विचारलं होतं ते हवं आहे ना? तुम्हाला आठवत नाही, त्यांना सांगता येत नाही, पण कागद आहे. तो माझ्या टेबलावर, मँडोलिनच्या पोटात आहे. पंधरा शतकांपूर्वीच्या लेखकांच्या मनातलं ओळखायची मला सवय आहे. तुम्ही तर चौतीस वर्षांपूर्वीचे, आणि हयात.

आठवडाभर खटपट केली. आरशाची दांडी वाकवली (दवाखान्यात परत देता येणार नाही अशी), आणि मँडोलिनच्या दांडीच्या बाजूची ती पट्टी वाचली. प्रश्न तिथेच आहे:

‘… नाव कळवा, म्हणजे पाथरवटाला सांगते. तो दगड घडवून … नावाशिवाय बरं दिसत नाही. तुम्ही कळवाल तेच घालीन, माझ्या मनाने … एवढं झालं की निघाले.’

कोडं सुटलं, मेस्त्री. तुम्ही इथे नवं घर मिळवलं होतं. वहिनींना दारावर बसवायला कोकणातून कोरीव दगड आणायचा होता, आणि घराचं नाव काय ठेवायचं ते तुम्हाला विचारलं होतं. बोटीवरून दगड घेऊन यायला निघालेली बाई! पेटी परत का ठेवायला लावली तेही आता जुळतं. आणि तुम्ही पडलात उत्तरांचे आळशी. आता एक काम करा. घराला नाव द्या, एका कागदावर लिहा, आणि अकरा वाजता त्यांच्या हातात ठेवा. चौतीस वर्षं उशीर झाला आहे, पण आमच्याकडे तीनशे वर्षं अपुरे राहिलेले ग्रंथ कुणीतरी पुरे करतं. ‘लिआश्रम’ कसं वाटतं? नाहीतर ‘विलंब-निवास’.

रविकांत


येरुहाम
२१ मार्च १९९९

करंबेळकर साहेब,

तो दगड घराचा नव्हे.

तुमचा दोष नाही. तुमच्याकडे टिंबं होती. मी तुम्हाला खोटं लिहिलं. काय विचारलं ते मला आठवतं. एक दिवस विसरलो नाही.

मी आलो तेव्हा लिआला पाचवा महिना होता. ऑगस्टमध्ये मुलगी झाली. तार आली, मी इथल्या लोकांना बिस्किटं वाटली. आठ दिवसांनी दुसरी तार आली. पाच दिवसांची होऊन गेली होती. पहिली तार उशिरा पोचली होती, ती आली तेव्हाच गेलेली होती. आमच्यात मुलीचा पाळणा होतो तेव्हा नाव ठेवतात, ते व्हायचं होतं. आणि तीस दिवसांच्या आत गेलेल्या पोरासाठी घरचे सात दिवस सुतकाला बसत नाहीत, तशी रीत आहे, म्हणून कोणी बसलं नाही. मी तेव्हा इथल्या कारखान्यात कामाला होतो, दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. घरी गाय नव्हती, साहेब. दूध लिआचं.

मग ते पत्र आलं. सासरा म्हणत होता नावाशिवाय गेलेल्याला दगड कसला. लिआला घालायचा होता. नाव मी ठेवावं म्हणून तिने मला विचारलं. माझ्याजवळ नाव होतं. निघण्याच्या आधीच ठरवलं होतं, मुलगी झाली तर हे, कोणाला बोललो नव्हतो.

आता जे लिहितो ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी काटकसरी माणूस. फळीचा तुकडा टाकत नाही, वाकडा खिळा सरळ करून वापरतो. मी विचार केला, गेलेल्या पोरीवर हे नाव घातलं तर गेलं. जपून ठेवू, पुढल्या मुलीला होईल. म्हणून मी लिआला उत्तर लिहिलं त्यात हवा कशी आहे ते लिहिलं, भात मिळतो ते लिहिलं. नावाचं काही लिहिलं नाही. तिने परत विचारलं नाही. दीड वर्षांनी आली.

सदुसष्ट साली पहिली मँडोलिन केली. पट्ट्यांना कागद पाहिजे होता. सगळ्यात आधी मी ते पत्र घेतलं. रद्दी म्हणून नाही. घरात ते पत्र होतं तिथे मला बसवत नव्हतं. लाकडात बंद केलं, आणि मोरोक्कोवाल्याला देऊन टाकलं. लिआ समोर चुलीवर सरस ढवळत होती. मी कोणता कागद कापतोय ते तिने बघितलं. तिने सरसाचं भांडं माझ्या बाजूला सरकवलं. काही बोलली नाही. बत्तीस वर्षं नाही.

चिठ्ठीवर नंबर घालताना एक घालवेना. दोन घातला.

एकोणसत्तरला दुसरी मुलगी झाली. ते जपून ठेवलेलं नाव तोंडापर्यंत आलं आणि निघेना. ते हिचं नव्हतंच. तिचं तिकवा ठेवलं. पहिलं तसंच राहिलं, कोणालाच नाही झालं.

लिआ अजून विचारते. आता मला दुसरी भीती आहे. मराठीही जायला लागली आहे. काल पोळीला शब्द सापडला नाही. कधीतरी मी उत्तर देईन आणि तिला ते समजणार नाही.

शिमोन


तेल अविव
२४ मार्च १९९९

मेस्त्री,

गाय मी आणली, घर मी बांधलं. तीस वर्षं पोथ्या वाचून जे शिकलो त्यात एक नियम होता, की जागा रिकामी असेल तर रिकामी ठेवावी, आपल्या हुशारीने भरू नये. मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो. मला क्षमा करा. ‘विलंब-निवास’बद्दल तर विशेष.

दुसरं काही सांगण्याचा मला अधिकार नाही, पण तुम्ही स्वतःवर जो निकाल दिला आहे त्यावर वाचक म्हणून एक हरकत नोंदवतो. पंचवीस-तीस वर्षांचा, वाळवंटात एकटा पडलेला माणूस हातातली एकच चांगली वस्तू घट्ट धरून बसला, एवढं मला त्यात दिसतं. ती वस्तू एक नाव होतं हे वाईट झालं.

पत्र लिहा. आजच. वहिनींना, रेवदंड्याच्या पत्त्यावर, पासष्ट सालच्या शिमोनने लिहावं तसं. मोठं नको, त्यांना मोजकं आवडतं. दाराबाहेर जा, दार वाजवा, पोस्टमन होऊन आत या. पोळीचा शब्द गेला तर जाऊ द्या, तो कुणीही सांगेल. हे दुसरं कुणी सांगू शकत नाही.

नाव मला कळवलं नाहीत तरी चालेल. ते आधी त्यांना कळू दे.

रविकांत


येरुहाम
१८ एप्रिल १९९९

रविकांत,

तुम्हाला आता साहेब म्हणत नाही, रागावू नका.

लिहिलं. दोन दिवस लागले. सणानंतरच्या शुक्रवारी दिलं. मी कारखान्यातली खाकी टोपी घातली, बाहेर जाऊन दार वाजवलं. तिकवा ओट्याशी होती, तिला वाटलं आता बापाचंही डोकं गेलं.

लिआने पत्र हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, वास घेतला, मग मला परत दिलं. म्हणाली, ‘तुम्हीच वाचा. माझा चष्मा माहेरी राहिला.’ मी उभ्यानेच वाचलं. जे लिहिलं होतं ते असं:

‘लिआ, तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, तो माझा गुन्हा. मुलीचं नाव मिली. दगडावर घाल आणि निघून ये. मी वाट बघतो. तुझा शिमोन.’

ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. मला वाटलं, उशीर झाला, नाही समजलं. मग म्हणाली, ‘मिली. बरं आहे. हाक मारायला सोपं.’ आणि मला म्हणाली, ‘तुम्ही बसा, चहा घेऊन जा. उन्हाचं फिरता.’

तिकवाने विचारलं, आई का रडतेय? मी बसलो आणि सगळं सांगितलं, हिब्रूत. हिब्रूत सांगायला सोपं गेलं, दुसऱ्या कोणाचं सांगतोय असं वाटलं. तीस वर्षांची पोरगी ओट्याला टेकून उभी राहिली. एवढंच म्हणाली, ‘मग मी दुसरी.’

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता लिआने विचारलं, ‘इस्रायलचं पत्र आलं का?’

मी टोपी घालून बाहेर गेलो. तेव्हापासून रोज वाचतो. रोज ती पहिल्यांदा ऐकते. रोज खिडकीकडे बघते, आणि रोज तेच म्हणते, हाक मारायला सोपं. चौतीस वर्षांत एकदा उत्तर दिलं नाही, त्याचं हे असं फेडतोय. तिकवाला मी तो मजकूर हिब्रू अक्षरांत लिहून दिला आहे, मराठी तीच, लिपी तिची. मी आजारी पडलो तर तिने वाचावं. ती अडखळते, पण ‘मिली’ नीट म्हणते.

पेसाखला दुकान बंद करणार होतो. एका मँडोलिनचं लाकूड शिल्लक आहे. टाकवत नाही. गिऱ्हाईक नाही, पण करीन म्हणतो, जमेल तसं, तिकवा असते त्या दिवशी. मग बंद.

शिमोन


पुणे
६ फेब्रुवारी २०००

मेस्त्री,

डिसेंबरात परत आलो. तुमची क्रमांक २ हातातून आणली. विमानतळावर सुरक्षेच्या मुलीने भोकातून आत विजेरी मारली आणि विचारलं, हे आत काय लिहिलंय? मी म्हटलं, बायकोने नवऱ्याला लिहिलेलं. तिने जाऊ दिलं.

मागच्या आठवड्यात तुम्हाला न विचारता अलिबागच्या एस्टीत बसलो आणि पुढे रेवदंड्याला गेलो. दगड घालावा, आणि झाल्यावर कळवावं, असा बेत होता. नाव तुमच्या पत्रात होतंच. तुमच्या लोकांची जुनी दफनभूमी माडांच्या पलीकडे आहे. गवत कमरेएवढं. शेजारच्या वाडीतले एक म्हातारे कोयता घेऊन बरोबर आले. लहान मुलांच्या कबरी कुंपणाच्या कडेला आहेत, म्हणाले. तिथे नुसतेच समुद्राचे गोटे मांडलेले आहेत, घडवलेला दगड नाही. एकच सोडून.

मेस्त्री, दगड आहे. वहिनी तो घालून निघाल्या होत्या.

हातभर उंचीचा, काळा, चांगला घडवलेला. खाली दोन ओळी कोरल्या आहेत: ‘शिमोन व लिआ झिराडकर यांची मुलगी. ऑगस्ट १९६५.’ त्याच्या वर एक ओळ मोकळी. विसरलेली नव्हे. पाथरवटाने अक्षरांसाठी आखणीच्या दोन बारीक रेघा मारून ठेवल्या आहेत, खालची आणि वरची. मध्ये काही नाही. उत्तर आलं की कुणालातरी सांगून घालून घेऊ, म्हणून जागा राखली असणार.

असणार, असं म्हणतो. माझी टिंबं भरण्याची हौस मागच्या वर्षीच फिटली आहे. पण ही जागा भरण्याचा आदेश लेखी होता आणि तुमच्या सहीचा होता. चौलहून एक पाथरवट आणला. त्याने विचारलं, किती अक्षरं? मी म्हटलं, दोन. म्हणाला, जागा तर पाच-सहांची सोडली आहे, मोठी काढू का? मी नको म्हटलं, बाकीच्या अक्षरांएवढीच काढ. तासाभरात झालं. दोन अक्षरांच्या पुढे जागा उरली आहे, ती तशीच राहू दिली.

मँडोलिन बरोबर नेली होती. वाजवली नाही. मला एकच धून येते, आणि तिथल्या माणसांनीही मांजराबद्दल विचारलं असतं.

दगडावर कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसा घेतला, तो सोबत आहे. कागद मुद्दाम पातळ आणि दमाचा घेतला. का, ते तुम्हाला कळेल.

वहिनींना नमस्कार.

रविकांत


येरुहाम
९ एप्रिल २०००

रविकांत,

तुमचं पाकीट आलं तेव्हा मी ते उघडायच्या आधी टोपी घातली. चुकून. सवय झाली.

ठसा बघितला. तिने घातला होता, आणि मला कधी बोलली नाही. मी चौतीस वर्षं समजत होतो की पोरगी उघड्यावर पडली आहे आणि ते लिआला माहीत आहे. ती समजत असेल की मी विचारीन. सरसाचं भांडं सरकवलं तेव्हा विचारीन, तिकवा झाली तेव्हा विचारीन. नाही विचारलं. हे मला तुमच्याकडून, पुण्याहून कळायचं होतं. तुम्हाला काय म्हणू? उत्तरांचा आळशी आहे, ते तुम्ही पहिल्याच खेपेला ओळखलं होतं.

शेवटची मँडोलिन झाली. हात पूर्वीसारखा नाही, एक फाक किंचित उभी राहिली आहे, दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. आतून पट्ट्या लावताना तुमच्या ठशाचा कागद घेतला. कापताना नाव कात्रीत येऊ नये म्हणून ते मधोमध ठेवलं, भोकाच्या बरोबर खाली. दातवाल्याचा आरसा लागणार नाही. कोणीही डोकावलं की दिसेल. सरस तिकवाने ढवळला. चिठ्ठीवर नंबर घातला एक.

ती विकायची नाही. लिआच्या खोलीत टांगली आहे.

दुकान परवा बंद केलं. पटाशा आणि साचे जुन्या फडक्यात गुंडाळून घरी आणले. वाकवायचं लोखंड कोणाला पाहिजे का म्हणून संगीतशाळेच्या मास्तरला विचारलं. त्याने हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, हे कशाला लागतं? मी परत घेऊन आलो. पाटी काढली तिथे भिंतीचा जुना रंग तेवढा चौकोन उजळ राहिला आहे. दुकानाची चावी पालिकेच्या ऑफिसात दिली. बाईने कागदावर ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहू विचारलं. मी म्हटलं, मोकळा सोड.

आता जे लिहायचं ते लिहितो. मार्चातल्या पुरीमच्या सणानंतर लिआने विचारणं बंद केलं. एक दिवस अकरा वाजले, साडेअकरा झाले, ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मराठीही गेली आहे, बहुतेक सगळी. आता ती नुसती बघते. उत्तर मिळालं म्हणून विचारत नाही, की प्रश्नच हरवला म्हणून, ते मला माहीत नाही. डॉक्टरला माहीत नाही. तुम्ही पोथ्या वाचता, तुम्हाला वाटेल ते ठरवू नका. मोकळंच असू द्या.

ती विचारत नाही. तरी अकरा वाजता मी टोपी घालतो, बाहेर जातो, दार वाजवतो. दार उघडायला कोणी येत नाही, म्हणून माझं मीच उघडतो, आणि तिच्यासमोर उभा राहून वाचतो, की लिआ, तुझं पत्र मिळालं.

शिमोन